लमियदबाईंच्या वहीचं पुढचं पान

१

कपाटाचं कुलूप जसंच्या तसं होतं, आणि आतली वही गायब होती.

मी आधी चष्मा पुसला. बासष्टाव्या वर्षी बाईमाणसानं डोळ्यांवर एकदम विश्वास ठेवू नये. पुसून पाहिलं तरी वही नव्हतीच. इतकी वर्षं ती जिथं उघडी पडून होती, तिथं मखमलीवर तिचा चौकोनी ठसा तेवढा राहिला होता. त्या ठशावर एक पिवळं पाकीट ठेवलं होतं.

आमची दाओरुंग शाळा लांपांगची. डोंगरातल्या एकशे चाळीस मुली इथं राहून शिकतात. मी उराय, इथलीच पहिल्या तुकडीतली मुलगी, मग इथलीच गणिताची बाई, आणि दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेली. तरी पाय घरी ठरत नाही. जूनमध्ये शाळेला पन्नास वर्षं होणार म्हणून मोठ्या बाईंनी माझ्या गळ्यात शाळेचा इतिहास लिहायचं काम मारलं होतं. त्यासाठीच मी त्या बुधवारी सकाळी संग्रहाच्या खोलीत गेले होते.

ती वही म्हणजे आमच्या संस्थापक लमियदबाईंची रोजनिशी. त्या तापानं गेल्या त्या दिवशी ती त्यांच्या टेबलावर ज्या पानाशी उघडी होती, त्याच पानाशी ती कपाटात ठेवली गेली. पुढचं पान उलटायची कुणाची छाती झाली नाही. दिसायचं ते पान आम्हा सगळ्यांना तोंडपाठ होतं : ‘आज सेंगदाने आपले सागवानी घर शाळेला दिले. परत मागणार नाही म्हणाली.’ घराचे बाकीचे कागद लढाईत जळाले. हे घर शाळेचं आहे याचा पुरावा म्हणाल तर तेवढं एक पान. आणि मी त्या दिवशी गेले होते ते पुढचं पान उलटायला. इतिहास लिहायचा तर एका पानावर कसा लिहिणार?

मोठ्या बाई, म्हणजे विलावन, धावत आल्या. त्यांनी पाकीट फोडलं आणि उभ्याउभ्याच मोठ्यानं वाचायला लागल्या.

“‘१४ फेब्रुवारी २४८३. आदरणीय सेंगदाबाई, आपण आपले घर शाळेला पन्नास वर्षांसाठी वापरायला दिलेत याबद्दल ऋणी आहे. मुदत संपताच ते आपल्या वंशजांना परत करण्यात येईल. लमियद.’”

कागद जुना होता, आमच्या बौद्ध सनातलं साल शाळा उघडली तेच होतं, अक्षर लमियदबाईंचं होतं. त्या अक्षरानं माझ्या वहीवर किती वेळा ‘गिचमिड’ असं लिहिलंय, मी ते विसरेन होय?

“अगं आई!” विलावनबाई मटकन खाली बसल्या. “परवा शुक्रवारी विश्वस्तांची बैठक आहे. हे दाखवावंच लागेल. आणि वही नसेल तर घर गेलंच समजा.”

“आणि मुली?”

“महामार्गाजवळ वर्ग भरवायला एक सभागृह मिळेल. पण राहायची सोय नाही.” त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. “परीक्षा झाली की मुली डोंगरात जातील. परत यायला काही नसेल.”

मग त्यांनी कपाटाच्या कुलपाकडे पाहिलं आणि मला नको होता तोच प्रश्न विचारला.

“याची किल्ली चानफोंगकडेच असते ना?”

२

चानफोंग स्वयंपाकघरात चिकट भाताची टोपली उतरवत होती. ती या घराबरोबर आली. तिची आई सेंगदाबाईंकडे कामाला होती, आणि शाळा सुरू झाली तेव्हा ही असेल दहाएक वर्षांची. तेव्हापासून तिनं इथलं अन्न शिजवलं, खोल्या झाडल्या आणि दर शनिवारी त्या कपाटाची काच पुसली. वाचता मात्र येत नाही. आकडे ओळखते, बस्स.

“वही कुठं गेली गं?”

“मला ठाऊक नाही.”

“किल्ली कुणाला दिली होतीस?”

“कुणाला नाही दिली.”

“मग रविवारनंतर खोलीत आलं कोण?”

तिनं टोपलीवर झाकण आपटलं. “बाई, मला काही विचारू नकोस. चोरटी म्हण, हाकलून दे. पण विचारू नकोस.”

पन्नास वर्षांत ही बया माझ्याशी कधी खोटं बोलली नव्हती. आताही बोलत नव्हती, नुसतं काहीतरी झाकत होती. काहीतरी बोलत राहायचं म्हणून मी पिशवीतून एक फोटो काढला. पुस्तकात घालायला त्याखाली साल हवं होतं. फोटोत भिक्षू या घरावर मंत्राचं पाणी शिंपडताहेत, पायरीवर लमियदबाई आणि सेंगदाबाई हात जोडून बसल्यात. मागं एवढंच लिहिलेलं : ‘माघ पौर्णिमा, शाळा उघडण्याआधी चार महिने.’

“हे कोणत्या सालातलं?”

“ब्याऐंशी,” ती फोटो हातात न घेताच म्हणाली. “दुसरं कुठलं असणार?”

“वेडी आहेस का? शाळा उघडली २४८३च्या जूनमध्ये. त्याच्या आधी चार महिने म्हणजे फेब्रुवारी २४८३. साधी वजाबाकी!”

“मला नाही येत वजाबाकी,” ती म्हणाली. “मी दोनच महिने बाकावर बसले. पुढं आचारीण पळून गेली, आणि मला म्हणाले थोडे दिवस चूल बघ.”

तिनं पाठ फिरवली. तिचे खांदे हलत होते, आणि ते कांद्यामुळं नव्हतं.

३

दुपारी मी मोठ्या बाईंच्या खोलीत गेले. विलावनबाई इतिहास शिकवायच्या, आता नुसत्या सह्या करतात. टेबलावर महामार्गाजवळच्या त्या सभागृहाचा नकाशा पसरलेला होता. मला पाहून त्यांनी त्यावर वर्तमानपत्र ओढलं.

“नकाशा आधीच मागवला होतात तर!” मी म्हणाले. माझी जीभ मला आवरत नाही, काय करू?

“उरायबाई, या घराचे वासे वाळवीनं खाल्लेत. मागच्या महिन्यात एका मुलीचा पाय जिन्यातून खाली गेला, आठवतंय ना? मी पर्याय शोधला तर गुन्हा केला?”

“पर्याय शोधलात तो मुलींना घरी पाठवायचा!”

“मला झोप लागत नाही हो!” त्या एकदम ओरडल्या, आणि लगेच दाराकडं पाहून आवाज खाली आणला. “तुम्ही निवृत्त झालात. तुम्हाला बरं आहे.”

मला वाईट वाटलं, पण संशय काही गेला नाही. संग्रहाच्या खोलीची दुसरी किल्ली त्यांच्याकडं असू शकत होती. निघताना मी फोटो पुढं केला. “एवढं साल सांगा.”

“ब्याऐंशी लिहा,” त्या सही करता करता म्हणाल्या.

परत ब्याऐंशी! इतिहासाची बाई आणि हिलाही वजाबाकी येत नाही? की ही मुद्दाम चुकीचं सांगतेय? मी जिना उतरले तेव्हा डोकं भणभणत होतं. बाहेर कुणीतरी पानं जाळत होतं, धुरानं सगळं आभाळ मळकट झालं होतं.

४

थानेतनं मला कॉफी पाजली. सेंगदाबाईंचा नातू, बँकॉकला हॉटेलं बांधतो. पस्तिशीचा, गोड बोलणारा, मोठ्यांसमोर वाकून चालणारा. गेला आठवडाभर गावातच होता. शाळेच्या दारासमोरच्या दुकानात तो रोज बसे.

“मावशी, त्या पत्राचं ऐकून मला तर धक्काच बसला,” तो म्हणाला. “घर आमचं आहे हे मला माहीतसुद्धा नव्हतं.”

“मिळालं तर काय करशील?”

“जपेन. आजीची आठवण आहे ती. पाहुणे उतरतील, लोक जुनं लाकूड बघायला येतील.”

“आणि मुली कुठं उतरतील?”

तो हसला. “मावशी, तुम्ही अजून परीक्षाच घेता माणसाची.”

मी फोटो दाखवला. आजीला ओळखून तो हळवा झाला, की झाल्यासारखं केलं, कोण जाणे. साल विचारलं तर बोटांवर मोजून म्हणाला, “जून त्र्याऐंशीच्या आधी चार महिने. त्र्याऐंशीच की! फेब्रुवारी २४८३.”

चला, एकाला तरी गणित येतं! मी खूश होऊन लिहून घेतलं. तेवढ्यात समोरच्या फाटकातून चानफोंग भाजीची पाटी घेऊन आत शिरली. थानेतनं मान हलवली.

“बघा, तुमची पहिली विद्यार्थिनी! या वयात पाटी उचलतेय.”

मला राग आला. गरिबाची चेष्टा करायची रीत असते एकेकाची. पहिली विद्यार्थिनी तेव्हाच्या प्रांताधिकाऱ्याची भाची होती, हे सगळ्या गावाला माहीत आहे. मी कॉफी अर्धी सोडून उठले.

५

गुरुवारी दुपारी मी चानफोंगच्या खोलीत गेले तर ती गाठोडं बांधत होती. दोन लुगडी, एक घोंगडी, बुद्धाची छोटी मूर्ती.

“कुठं निघालीस?”

“उद्या हाकलणारच आहेत. आपणच गेलेलं बरं.”

“बस खाली!” मी वर्गात ओरडायचे तशी ओरडले. ती बसली. मग मीच शेजारी टेकले.

“तुझा वाढदिवस होऊन गेला ना परवा?” ती म्हणाली. “मी काहीच केलं नाही यंदा.”

“बासष्टीचा कसला वाढदिवस!”

“तुला ते दोन खाऊ आठवतात?” ती डोळे पुसून हसली. लमियदबाई ज्या मुलीचा वाढदिवस असेल तिला केळीच्या पानातला एक खाऊ द्यायच्या, आत गूळखोबरं, वर तांदळाची उकड. “तुला एकदम दोन दिले होते. सगळ्या पोरी जळल्या होत्या. बाई म्हणाल्या, त्र्याऐंशी सालात सरकारनं हिचा वाढदिवस खाल्ला, म्हणून चौऱ्याऐंशीत दोन. त्यातला एक तू मला दिलास. मला कुणी देत नव्हतं ना.”

मी तिच्याकडं बघतच राहिले.

सरकारनं वाढदिवस खाल्ला! माझा वाढदिवस फेब्रुवारीत. आमच्याकडं तेव्हा नवं साल एप्रिलच्या एक तारखेला लागायचं. म्हणजे फेब्रुवारी हा सालाचा शेवट असायचा, सुरुवात नव्हे. मग सरकारनं ठरवलं की नवं साल सगळ्या जगाबरोबर जानेवारीत सुरू करायचं. ते ठरलं त्र्याऐंशीतच. एप्रिलमध्ये लागलेलं २४८३ डिसेंबरात संपवून टाकलं. उण्यापुऱ्या नऊ महिन्यांचं साल! त्याला जानेवारी नाही, फेब्रुवारी नाही, मार्च नाही.

जून त्र्याऐंशीच्या आधीचा फेब्रुवारी होता ब्याऐंशीतला. नंतरचा आला तो थेट चौऱ्याऐंशीत. ‘फेब्रुवारी २४८३’ हा महिना कुणाच्या आयुष्यात उगवलाच नाही. चानफोंग बरोबर होती. विलावनबाई बरोबर होत्या. चुकले होते मी, गणिताची बाई, आणि माझ्याबरोबर आणखी एक जण.

“चानफोंग,” मी तिचा हात धरला. “थानेत खोलीत कधी आला होता?”

ती दचकली. मग मान खाली घालून रडायला लागली.

“रविवारी. आजीच्या फोटोला हार घालायचाय म्हणाला. मी दार उघडलं, जुडगा कुलपातच राहिला, कपाटाची किल्लीही त्यातच. पाहुण्याला पाणी आणायला गेले एवढंच. बाई, मी त्या घरचं अन्न खाल्लंय. माझ्या आईला त्यांनी अग्नी दिला. त्यांच्या पोराचं नाव मी माझ्या तोंडानं कसं घेऊ?”

६

शुक्रवारी बैठकीला पाच विश्वस्त होते. अध्यक्ष शेजारच्या विहाराचे थोरले भन्ते, वय ऐंशी, ऐकू कमी येतं पण अक्कल शाबूत. विलावनबाईंनी पत्र ठेवलं. थानेत कोपऱ्यात अगदी नम्रपणे बसला होता. चानफोंगला दाराशी बसवलं होतं, आरोपी असल्यासारखं.

“भन्ते,” मी विचारलं, “तुम्ही चीवर कधी घेतलंत?”

“काय?”

“दीक्षा! कधी घेतलीत?”

“हां. २४८३च्या जुलैत.”

“आणि त्या सालातल्या फेब्रुवारीत काय करत होतात?”

म्हातारबुवा आधी गोंधळले. मग बोटं मोजता मोजता थांबले आणि खुदकन हसले. “कुठला फेब्रुवारी, पोरी? त्या सालाला फेब्रुवारी नव्हताच. आम्ही भिक्षू म्हणायचो, चला, तीन महिन्यांचं पाप वाचलं.”

मी पत्र त्यांच्यासमोर सरकवलं. त्यांनी तारीख वाचली, हसू विझलं.

“लमियदबाई त्या सालात जगल्या,” मी म्हणाले. “येणारच नाही असा दिवस त्या पत्रावर घालतील? हे लिहिलंय आजच्या माणसानं, आजच्या सवयीनं उलट मोजून. परवा मी तिघांना एकच साल विचारलं. चानफोंगला लिहिता येत नाही, आणि तिनं साल बरोबर सांगितलं. मोठ्या बाईंनीही बरोबर सांगितलं. चुकीचं सांगितलं ते थानेतनं.”

“मावशी, चुकलात तर तुम्हीसुद्धा!” थानेत हसत म्हणाला. “फोटोखाली तुम्हीच त्र्याऐंशी लिहून घेतलंत. मग तुम्हीही चोर का?”

विश्वस्तांत कुजबुज झाली. पोरगं हुशार होतं, नाही म्हणत नाही.

“चुकले,” मी म्हणाले. “म्हणून दुसरी गोष्ट विचारते. परवा तू चानफोंगला आमची पहिली विद्यार्थिनी म्हणालास. ते कुठं वाचलंस?”

“ते... सहज. गंमत.”

“आमच्यापैकी कुणालाच पहिली कोण हे ठाऊक नाही, आम्ही ऐकीव सांगतो. पट लिहिलाय तो वहीत. माझ्या मते पुढच्या पानावर. आणि ते पान लमियदबाईंनंतर कुणीच उलटलेलं नाही.”

आता तो हसला नाही. मला खात्री नव्हती बरं का, अंधारात दगड मारला होता. पण त्याचे कान लाल झाले. तेव्हा दाराशी बसलेली चानफोंग उठली.

“छोटे मालक,” ती म्हणाली, “तुम्हाला कडेवर घेऊन मी या घराच्या पायऱ्या चढलेय. आजीच्या फोटोला हार घातलात त्याच हातानं हे केलंत? वही आणून द्या. मी कुणाकडं काही बोलणार नाही.”

थानेत उठून गाडीकडं गेला. कापडात गुंडाळलेली वही त्यानं भन्तेंसमोर ठेवली आणि हात जोडले. “अक्षर आजीला आलेल्या त्यांच्या पत्रांवरून गिरवलं,” तो म्हणाला. “पण पुढचं पान वाचाच, मावशी. मग ठरवा चोर कोण ते.”

मी पान उलटलं.

‘सेंगदाची एकच अट. घरातली पोर चानफोंग हिला शाळेत पूर्ण शिकवावे. मी शब्द दिला आहे. पट : क्रमांक १, चानफोंग.’

भन्तेंनी वही स्वतःकडं ओढून ते पान पुन्हा वाचलं.

७

“अट पाळली गेली का?” शेवटी विश्वस्तांतल्या वकिलानं विचारलं.

विलावनबाई टेबलाकडं बघत होत्या. मला मरणाची लाज वाटली. मी तिच्याच तुकडीतली. तिनं वाढलेला भात मी पन्नास वर्षं खाल्ला आणि ही वर्गात का नाही असं एकदाही विचारलं नाही. लमियदबाईंना मात्र ते डाचत असणार, एरवी मरायच्या दिवशी त्या हेच पान काढून कशाला बसतील?

“अट मोडली,” थानेत हळू म्हणाला. “म्हणजे दानही मोडलं.”

“काय लिहिलंय ते परत वाच,” चानफोंग मला म्हणाली.

मी वाचलं.

“कधीपर्यंत शिकवावं असं लिहिलंय?”

“नाही. तसं काही नाही.”

“मग मोडली कशी?” तिनं कमरेवर हात ठेवले. “मी मेलेय कुठं अजून?”

भन्ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. वकिलानं चष्मा काढून वही पुन्हा पाहिली, आणि म्हणाला की बाईंचं म्हणणं कायद्याला धरून आहे. जाताना थानेत चानफोंगसमोर गुडघ्यांवर बसला, तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मी असते तर कानाखाली दिली असती. पण मी तिच्या जागी नव्हते, कधीच नव्हते.

विलावनबाईंनी महामार्गाचा तो नकाशा माझ्यासमोर फाडला आणि सुताराला बोलावणं धाडलं. पहिलीचा वर्ग सोमवारपासून मी घ्यायचा ठरला. निवृत्ती गेली खड्ड्यात.

“परीक्षा दोन आठवड्यांवर आलीय,” चानफोंग शनिवारी काच पुसता पुसता कुरकुरली. “मी नापास होणार.”

“झालीस तर पुढच्या वर्षी बस.”

सोमवारी घंटा झाली. सहा-सात वर्षांच्या पोरी रांगेनं आत येऊन बसल्या. मी हजेरीचा पट उघडला. सगळ्यात वर मी स्वतः नाव लिहिलं होतं.

“क्रमांक एक. चानफोंग.”

कुणीच बोललं नाही. मी दाराकडं पाहिलं. थोड्या वेळानं ती आली. केस विंचरलेले, हातात नवी कोरी वही, पदराला अजून वाफेचा वास. पोरी तोंडावर हात धरून हसल्या. आणि मी, चाळीस वर्षांची सवय, विचारून बसले :

“उशीर का झाला?”

ती शांतपणे पहिल्या बाकावर बसली, वही उघडली.

“स्वयंपाकघरात होते, बाई,” ती म्हणाली.